आधार आणि आहार



आज एका शिवीविषयी लिहायचे आहे. शिवी म्हणावी इतकी ती जहाल नाही. कीर्तनात तिचा उच्चार होतो, वर्तमानपत्रात तर रोज होतो. ‘बांडगूळ’. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा, या अर्थी. मी ती आयुष्यात एकदाच एका माणसाला तोंडावर दिली. त्या शब्दाचा अर्थ मात्र मला त्यानंतर नऊ वर्षांनी, अक्कलकुवा तालुक्यातल्या एका आंब्याखाली कळू लागला. तोवर ज्याला शिवी दिली तो माणूस राहिला नव्हता.

अक्कलकुवा हा नंदुरबार जिल्ह्याचा वायव्य टोकाचा तालुका. पश्चिमेला गुजरात, उत्तरेला नर्मदामाई, मधे सातपुड्याच्या एकामागे एक रांगा. तालुक्याच्या गावाहून मोलगीकडे निघाले की देवगोईचा घाट लागतो. घाट चढून वर गेले की वस्त्या विखुरलेल्या, घरे कुडाची, आणि घराजवळ आंबे. कलमी नव्हेत, गावठी, आज्या-पणज्याने राखलेले. चैत्र-वैशाखात कैऱ्या सोलून त्यांच्या फोडी उन्हात वाळत घालतात. तो आमचूर मोलगीच्या बाजारात जातो आणि पुष्कळ घरांच्या वर्षाच्या खर्चाला त्याचा हातभार लागतो. त्या भागात एका निवासी शाळेवर मी शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा पस्तिशीचा होतो.

शाळेच्या मागे असाच एक जुना आंबा होता. त्याच्या बेचक्यात, हात वर केला तर बोटे जेमतेम लागावीत एवढ्या उंचीवर, एक झुडूप बसलेले. पट्ट्यासारखी जाड पाने, दोन बाजूंना दोन ओळींत, मधोमध दुमडलेली, टोकाला कोणी कुरतडल्यासारखी. खाली पेन्सिलीएवढी जाड, पांढुरकी मुळे. मुलांना झाडांची माहिती सांगत फिरत होतो, म्हटले, ‘‘हे बांडगूळ. हे झाडाचं रक्त पितं. याला काढून टाकायला पाहिजे.’’ एक मुलगा लगेच खोडावर चढलासुद्धा.

शाळेचे स्वयंपाकी बाहेर बसून डाळ निवडत होते. वयाने माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, सगळे त्यांना बाबा म्हणत. ते उठून आले, मुलाला खाली उतरवले आणि माझ्याकडे न बघता एक लोंबते मूळ दोन बोटांत धरून मला दाखवले. मूळ हवेत मोकळे होते. दुसरे धरले, तेही मोकळे. तिसरे सालीला चिकटलेले होते, पण सालीवर, आत नव्हे.

‘‘गुरुजी,’’ ते म्हणाले, ‘‘याचं तोंड झाडात नाही. बसलंय नुसतं.’’

एवढे बोलून ते परत डाळीकडे गेले. चार दिवसांनी पाऊस पडला आणि त्या झुडपाला तुरा आला. सात-आठ फुले, पिवळसर हिरवी, त्यांवर तपकिरी रेघांची जाळी, खालची ओठासारखी पाकळी जांभळी. वास मंद आणि गोड.

मग मी पुस्तके धुंडाळली. ही आमरी, म्हणजे ज्याला आपण ऑर्किड म्हणतो त्या कुळातली. या जातीला वांदा म्हणतात. बंगालकडे याचीच मुळे रास्ना म्हणून विकली जातात. याच्या मुळांवर मेलेल्या पेशींचे स्पंजासारखे पांढरे आवरण असते. पाऊस किंवा दव पडले की ते टीपकागदासारखे पाणी शोषून घेते, आणि ओले झाले की मूळ हिरवे दिसू लागते, कारण आत हरितद्रव्य असते. सालीच्या खाचेत साचलेली धूळ, कुजलेला पाला, पावसाबरोबर ओघळून येणारे क्षार, एवढ्यावर त्याची गुजराण. अन्न ते स्वतःच्या पानांत, सूर्याच्या चुलीवर शिजवते. याच कुळातल्या कितीतरी जाती झाडावर राहतात तशा उघड्या खडकावरही राहतात, आणि तिथेही फुलतात. वाचकहो, मला सगळ्यांत जास्त पटलेला पुरावा तो. खडकात कुठला रस? खडक कोणाला काय पाजणार? जे खडकावर जगू शकते ते झाडाकडे फक्त जागा मागत असते.

आता या वांद्याच्या नावाची हकीकत ऐका. ‘अमरकोशा’त वनौषधींच्या वर्गात ‘वन्दा’ हा शब्द आहे, आणि त्याचे समानार्थी म्हणून ‘वृक्षादनी’ व ‘वृक्षरुहा’ हे दोन शब्द शेजारी शेजारी दिले आहेत. वृक्षरुहा म्हणजे वृक्षावर वाढणारी. वृक्षादनी म्हणजे वृक्षाला खाणारी. कोशकाराला दोन्ही एकच वाटल्या. झाडावर दिसते ना, मग झाडच खात असणार! पुढे कलकत्त्याला न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सने अठराव्या शतकाच्या अखेरीस या आमरीचे वर्णन करताना ते संस्कृत नाव उचलले, आणि १८२० साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते शास्त्रात रूढ केले. आज जगभरच्या बागांतून ‘वांडा’ नावाने ज्या महागड्या आमरी मिरवतात, सिंगापूरने १९८१ साली जिच्या कुळातले म्हणून ओळखले जाणारे फूल राष्ट्रीय फूल केले, त्या सगळ्यांच्या कपाळी हे नाव आहे. निरपराध माणसाच्या नावापुढे सरकारी कागदावर एकदा ‘चोर’ लिहिले गेले की नातवंडांपर्यंत तसेच चालत जाते, त्यातला प्रकार.

खऱ्या बांडगुळाचेही ऐकून घ्या, म्हणजे त्याच्यावरही अन्याय नको. ते आंब्यावर, मोहावर असते. त्याचे मूळ फांदीच्या आत घुसते आणि तिथले पाणी आणि क्षार ओढते, पुढची फांदी वाळू लागते. पण त्यालाही हिरवी पाने असतात, ते अन्न बरेचसे स्वतःच करते. त्याची फळे फुलटोच्या पक्षी खातो. खऱ्या अर्थाने ना पानाची ना मातीतल्या मुळाची अशी वनस्पती पाहायची तर अमरवेल पाहावी. पण तिला कोणी शिवीसाठी वापरत नाही. नाव गोड आहे म्हणून असेल.

आता ज्या माणसाला मी तो शब्द दिला त्याच्याविषयी.

आमचे गाव शिरपूर तालुक्यात, तापीकाठचे. वडिलांचे धाकटे भाऊ, आमचे नाना, लग्न न करता आमच्याच घरी राहिले. त्यांना दमा होता. शेतात उभे राहिले की धाप लागायची. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकवत नसत. भजनात टाळ धरत, पण गायला श्वास पुरत नसे, म्हणून ओठ हलवत. मुक्ताईच्या पालखीबरोबर दोनदा वारी केली, तिसऱ्या वर्षी अर्ध्या वाटेतून परतले. घरी वाती वळायच्या, दाण्यातले खडे वेचायचे, पोरांना झोपवायचे, एवढेच त्यांच्याने होई.

मी नुकता नोकरीला लागलो होतो. त्या वर्षी पाऊस नव्हता, वडिलांवर कर्ज, माझा पगार घरात पडे तो कुठे जातो कळत नसे. एका रात्री सगळे जेवत होतो. आईने नानांच्या ताटात तिसरी भाकरी टाकली. कळण्याची होती, अजून आठवते. मी म्हणालो, ‘‘झाड वाळणारच. घरातच बांडगूळ पोसलंय.’’

वडील काही बोलले नाहीत. नाना हसले. ‘‘खरं शे भाऊ,’’ एवढेच म्हणाले, आणि ती भाकरी खाल्ली. त्यानंतर पाच वर्षे ते त्याच घरात राहिले, माझ्याशी आधीसारखेच बोलले, माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन फिरले, आणि एका थंडीत गेले.

आमरीचा हा प्रसंग घडल्यावर दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईला विचारले, ‘‘नाना त्या दिवसानंतर कधी काही बोलले का?’’ आई म्हणाली, ‘‘बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून दोनच भाकरी खायचे. तिसरी टाकली तर ताट ओढून घ्यायचे.’’

पाच वर्षे मी त्याच पंगतीत जेवत होतो. मला दिसले नाही.

वाचकहो, आता मी खरे सांगतो. त्यानंतर मी नानांचा जमाखर्च शोधू लागलो. मला वाटले, नानांनी आपला शेतीचा वाटा वडिलांच्या नावे करून दिला असेल, कधी दागिना मोडून कर्ज फेडले असेल, असे काहीतरी निघेल. कथांमध्ये निघते. मग मला म्हणता आले असते की, पाहा, ज्याला मी बांडगूळ म्हणालो त्यानेच घर तारले होते. वडिलांना विचारले. ते म्हणाले, ‘‘वाटणी व्हावी एवढं होतंच काय? त्यानं काही दिलं नाही. मीही कधी मोजलं नाही.’’

तेव्हा नानांच्या बाजूने हिशोबात काहीच निघाले नाही. आणि आमरीचा दाखलाही त्यांना पुरा लागू पडत नव्हता. आमरी झाडाचे खात नाही, नाना आमचे खात होते. ‘नाना बांडगूळ नव्हते, आमरी होते’ असे म्हणून मला सुटता येईना. दुसऱ्याचे खाणारा, आणि परत काही देऊ न शकणारा माणूस, त्याला त्या नावाने हाक मारणे बरोबर का? प्रश्न तसाच उभा राहिला, आणि मला वाटते तोच विचार करण्याजोगा आहे. जो न घेता राहतो त्याची बाजू घेणे सोपे असते.

याचे उत्तर मला पुन्हा आमरीतच, पण तिच्या बालपणात सापडले. आमरीच्या एका शेंगेत हजारोंनी बिया असतात, धुळीसारख्या बारीक. हरभऱ्याच्या किंवा आंब्याच्या बीत कोवळ्या रोपासाठी शिदोरी बांधलेली असते, आमरीच्या बीत ती नसते. वाऱ्याने उडून सालीवर किंवा खडकावर पडलेल्या त्या बीला स्वतःच्या बळावर रुजता येत नाही. एक सूक्ष्म बुरशी तिथे असावी लागते. तिचे तंतू बीत शिरतात आणि त्या तंतूंतून आलेल्या अन्नावर बी वाढू लागते. फ्रान्समध्ये नोएल बर्नार्ड या शास्त्रज्ञाने १८९९ साली हे प्रथम ताडले. हिरवे पान फुटून स्वतःची चूल पेटेपर्यंत ही पोर दुसऱ्याच्याच चुलीवर जेवते. म्हणजे बाबा जे म्हणाले, ‘याचं तोंड झाडात नाही’, ते खरे. पण एके काळी याचेही तोंड कुणात तरी होते, फक्त ते कुणाच्या डोळ्यांना दिसले नव्हते.

मी कोणाचे खाल्ले? नऊ महिने आईचे, मग वर्ष-दीड वर्ष तिचेच दूध, मग अठरा-वीस वर्षे बापाचे. त्याचा हिशोब कोणी मांडला नाही. नानांना धाप लागत होती म्हणून त्यांचे खाणे दिसले, माझे वाढते वय होते म्हणून माझे खाणे दिसले नाही. बाकी फरक काय?

वनस्पतिशास्त्रात झाडाला इजा न करता त्याच्या आधाराने राहण्याला जो शब्द आहे, तो मूळ युरोपातला, आणि त्यात लॅटिनमधला ‘मेन्सा’ म्हणजे जेवणाचे मेज हा शब्द दडलेला आहे. एका मेजावर जेवणारे, असा अर्थ. मराठीत त्याला सहभोजिता म्हणतात. मला तो शब्द वाचून पंगतच आठवली. दिंडीच्या पंगतीत कोणी विचारत नाही की तू काय आणलेस. कोणी गव्हाचे पोते दिलेले असते, कोणी नुसता टाळ घेऊन आलेला असतो, कोणी तोही नाही. पात्रावर दोघांना सारखेच पडते.

पण याच संप्रदायात दुसरीही गोष्ट आहे, ती विसरून चालणार नाही. सावतोबांनी मळा सोडला नाही. गोरोबाकाकांनी चाक सोडले नाही. तुकोबांनी भिक्षापात्र घेऊन जगण्याची लाज सांगितली आहे. आपल्या संतांना ऐतखाऊपणा मान्य नव्हता, हे कोणीही नाकारू शकत नाही. मग पंगत खरी की कष्ट खरे?

मला वर्षानुवर्षे हे कोडे होते. आता माझे मत असे झाले आहे: कष्टाचा नियम माणसाने स्वतःला लावायचा, पंगतीचा दुसऱ्याला. मी किती घेतो, किती देतो, हे मी माझ्या ताटापुरते मोजावे, कठोरपणे मोजावे. शेजारच्या ताटात किती भाकरी पडल्या हे मोजायला बसले की पंगत मोडली. मी त्या रात्री नेमके उलटे केले. विशेष म्हणजे नानांनी बरोबर केले. माझ्या शब्दाने दुखावून का होईना, त्यांनी कष्टाचा नियम स्वतःला लावला आणि एक भाकरी कमी केली. मला मात्र ते आयुष्यभर पंगतीचाच न्याय लावत राहिले.

आणि आधार घेणे हीच जर लाजिरवाणी गोष्ट असेल, तर आपल्या देवाचे काय करायचे? पांडुरंग ज्या विटेवर अठ्ठावीस युगे उभा आहे, ती त्याची स्वतःची नव्हे. पुंडलिकाने दिलेली. आईबापांच्या सेवेत असलेल्या मुलाने हाताशी आली ती वीट सरकवली आणि देव तिच्यावर उभा राहिला. नेवाशाला शके १२१२ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली गेली, तेव्हा माउली ज्या खांबाला टेकून बसली असे आपण मानतो तो पैसाचा खांब आजही तिथे आहे, आणि आपण त्या खांबाला मिठी मारतो. जनाबाई तर जन्मभर नामदेवांच्या घरी राहिली, त्यांच्याच घरचे अन्न खाऊन, आणि अभंगाखाली स्वतःच्या नावासोबत त्या घराचे नाव लावत राहिली. दळण-कांडण तिने केले हे खरे. पण आपण जनाबाईला आठवतो ते तिने किती पायल्या दळल्या म्हणून नव्हे.

इथे कोणी म्हणेल, गुरुजी, मग जगात लुबाडणारे नाहीतच का? सगळ्यांनाच पंगतीत घ्यायचे? नाही. पोरांच्या ताटातला वाटा परस्पर विकणारे असतात. मजुराच्या घामावर इमले बांधणारे असतात. ज्याच्यामुळे आधाराचे झाडच वाळते त्याला नाव ठेवलेच पाहिजे, आणि आपल्या संतांनी दांभिकांवर कोरडे ओढताना हात आखडला नाही. पण गंमत बघा, तसल्या माणसाला आपण सहसा बांडगूळ म्हणत नाही. त्याला आपण पार बांधतो.

हे मी रूपकाने म्हणत नाही, डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. वडाचे किंवा पिंपळाचे बी पक्ष्याच्या विष्ठेतून दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडते. तिथे ते अगदी आमरीसारखेच गरिबीने राहते. मग त्याची मुळे खोडावरून खाली उतरतात, जमीन गाठतात, जाड होतात, एकमेकांत गुंततात, आणि आतले मूळचे झाड आवळले जाऊन कालांतराने मरते. आमच्या भागात एका वडाच्या पोटात अशी ताडाची पोकळी मी पाहिली आहे. लोक त्या वडाला सूत गुंडाळत होते. वडा-पिंपळाची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. आळंदीच्या सुवर्णपिंपळाला मीही प्रदक्षिणा घालतो, आणि झाड काही ठरवून कोणाचा गळा धरत नाही. मला आपल्या माणसांच्या नजरेविषयी बोलायचे आहे. बेचक्यात बसलेल्या, कुणाचे न खाणाऱ्या हातभर झुडपाला आपण हजार वर्षे ‘वृक्षादनी’ म्हणत आलो, आणि आख्खे झाड गिळून उभ्या राहिलेल्यापुढे हात जोडले. लहान दिसले की शिवी, मोठे झाले की नमस्कार. घरातही तसेच, गावातही तसेच.

आपण वारकरी स्वतः वाटेवरच्या लोकांच्या आधाराने पंढरी गाठतो, तेव्हा हा विचार आपल्यालाही चुकत नाही. एखाद्या गावात दिंडी उतरते. कोणी अंगण देतो, कोणी पाणी तापवून देतो, कोणी पिठले-भाकरी. पहाटे दिंडी निघून जाते. मी काही वर्षे एक उद्योग केला: आमची दिंडी निघाली की दहा मिनिटे मागे थांबायचे आणि ते अंगण बघायचे. कधी सडा घातल्यासारखे स्वच्छ असायचे. कधी पत्रावळी, द्रोण, प्लास्टिकच्या पेल्यांचा ढीग, आणि घरची सासुरवाशीण हातात खराटा घेऊन उभी. तिने तोंडाने ‘माउली’च म्हटले. तिच्या मनात कोणता शब्द आला असेल, तो मला माहीत आहे, कारण तो मी एकदा उच्चारलेला आहे. आमरी सालीवर राहते आणि साल जशीच्या तशी असते. आपण गेल्यावर अंगण कसे असते, हे ज्याने त्याने मागे वळून बघावे.

हल्ली मी मुलाकडे राहतो. मलाही आता जिना चढताना धाप लागते, खानदानी देणगी आहे. सूनबाई ताटात तिसरी भाकरी टाकते तेव्हा हात आडवा करावासा वाटतो. पूर्वी करत असे. एकदा ती म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही कमी जेवलात की मला वाटतं माझ्या वाढण्यात काही चुकलं.’’ नानांनी ताट ओढून घेतले तेव्हा माझ्या आईला काय वाटत असेल, हे मला तेव्हा प्रथम सुचले. घेणाऱ्याने न घेणे हाही देणाऱ्यावर एक घाव असतो. आता मी तिसरी भाकरी घेतो. अर्धी सूनबाईच्या ताटात परत टाकतो, ती हसते.

शाळेमागचा तो आंबा पुढे एका वादळात उन्मळून पडला. मी तेव्हा बदली होऊन दुसरीकडे गेलो होतो. कळले ते बाबांकडूनच, कोणाच्या तरी फोनवरून. लाकूड वाटून गेले, पण पडलेल्या फांदीवरची आमरी त्यांनी सालीच्या तुकड्यासकट उचलली आणि आपल्या घराजवळच्या मोहाला अंबाडीच्या दोरीने बांधून ठेवली. मी त्यांना म्हणालो, ‘‘बाबा, फुलली तर कळवा.’’

दोन वर्षांनी, होळीनंतर, मी मुद्दाम तिकडे गेलो. मोहाची फुले वेचणे चालू होते, खाली बायका-मुले टोपल्या घेऊन. आमरीची दोन पाने वाळून गेलेली, तीन हिरवी. फूल नव्हते. दोरी उन्हापावसाने कुजून तुटायला आली होती. बाबांनी ती दोन बोटांनी सहज बाजूला केली. खाली एक नवे मूळ निघालेले होते, टोकाला हिरवे, आणि ते मोहाच्या सालीवर चिकटून आडवे गेले होते.

‘‘आता दोरी नको,’’ बाबा म्हणाले, आणि ती काढून त्यांनी खिशात घातली.